बक ११०: साडेसतरा तोळ्यांचा चाकू

कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफांच्या दुकानात बसलो असताना मी सहज म्हणून खिशातला चाकू त्यांच्या वजनकाट्यावर ठेवला आणि आकडा उमटला २०४ ग्रॅम. सराफांनी सवयीप्रमाणे मनातल्या मनात भागाकार करून सांगितले की, जुन्या तोळ्याने हे साडेसतरा तोळे झाले, आणि वर विचारले, "एवढं वजन खिशात घिऊन फिरताय, मालक? विजार खाली येत न्हाई का?" प्रश्न थट्टेचा होता, पण बक या अमेरिकी कंपनीचा ११० क्रमांकाचा मिटणारा चाकू तीन पावसाळे वापरल्यानंतर त्याच्याबद्दल मला जे सांगायचे आहे, त्यातला निम्मा भाग त्या प्रश्नात आलाच होता. उरलेला निम्मा भाग चाकूच्या पाठीत, खटक्याच्या सांध्यात आहे.

माझे शिवाजी उद्यमनगरात लहानसे मशीन शॉप आहे. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणे करण्यात आयुष्य गेल्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की, मी आधी तिचे सांधे पाहतो आणि मग तिचा उपयोग विचारतो. अमेरिकेत नोकरीला असलेल्या भाच्याने हा चाकू विमानात सामानकक्षातल्या बॅगेत घालून आणला आणि सर्व धरून तो मला सात हजारांच्या आतबाहेर पडला. मिटणारे चाकू मी कॉलेजच्या दिवसांपासून जमवत आलो आहे. त्यांतले लॉकबॅक, म्हणजे मुठीच्या पाठीत कुलूप असलेल्या जातीचे, आज नऊ आहेत आणि या लेखातली तुलना त्या नऊ चाकूंच्या आधारे केलेली आहे.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्याकडे 'खटक्याचा चाकू' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जुन्या हिंदी चित्रपटातला खलनायक आणि त्याच्या हातातली रामपुरी उभी राहते, आणि बटण दाबताच पाते सटकन बाहेर येणारा चाकू हाच तो, असे धरले जाते. लॉकबॅकमध्ये तसे काही नाही. इथे पाते नखाने खाचेत धरून स्वतःच्या हाताने उघडावे लागते. खटका उघडण्यासाठी नसून उघडलेले पाते कामाच्या भरात बोटांवर मिटू नये यासाठी आहे. पाते पूर्ण उघडल्यावर 'टक्' असा जो आवाज येतो, तो धमकीचा नसून कुलूप बसल्याचा आहे.

या कुलपाची रचना समजायला सोपी आहे. मुठीच्या पाठीच्या बाजूने एक लांब पोलादी पट्टी असते आणि ती मधल्या एका पिनेवर तराजूच्या दांडीसारखी झुलते. तिच्या पुढच्या टोकाला दात असतो. पाते पूर्ण उघडले की पात्याच्या बुंध्यात कापलेल्या खाचेत तो दात पडतो. पट्टीच्या मागच्या टोकाखाली बसवलेली स्प्रिंग ते टोक सतत वर रेटत असते आणि त्यामुळे पुढचा दात सतत खाली, खाचेकडे दाबलेला राहतो. चाकू मिटायचा असेल तेव्हा मुठीच्या पाठीवर मागच्या अंगाला जी खोलगट जागा ठेवलेली असते, तिथे अंगठ्याने पट्टी दाबायची. मागचे टोक खाली गेले की पुढचा दात उठतो आणि पाते मोकळे होते. मिटलेले पाते आपोआप उघडू न देण्याचे कामही हीच स्प्रिंग करते. म्हणजे एक पट्टी, एक स्प्रिंग आणि दोन पिना एवढ्यावर सगळा संसार आहे.

पण ही रचना कागदावर जितकी सोपी, तितकीच धातूत अवघड आहे. दात आणि खाच यांच्या भिंती एकमेकींना पूर्ण टेकल्या नाहीत, तर पाते वरखाली हलते. दात किंचित मोठा राहिला तर तो खाचेत तळापर्यंत उतरत नाही. आणि कडा गोलावल्या असतील तर जोर पडताच दात निसटतो. माझ्या ११०वर पाते उघडे असताना पाठीवरून अंगठ्याचे नख फिरवले तर पोलादी पट्टी कुठे संपली आणि पात्याचा बुंधा कुठे सुरू झाला हे नखाला कळत नाही, डोळ्यांनाच दिसते. मी त्या सांध्यात फटी मोजायच्या फिलर गेजची पाच शतांश मिलिमीटर जाडीची पट्टी घालून पाहिली, ती आत गेली नाही. पितळी टोकांचा आणि लाकडाचा जोडही असाच आहे: बोट फिरवले तर एकच पृष्ठभाग लागतो. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांना 'फिटिंग' म्हणजे काय हे सांगायचे असते, तेव्हा हल्ली मी जॉबऐवजी हा चाकू त्यांच्या हातात देतो.

हे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय मला रक्त सांडून लागली आहे. अकरा-बारा वर्षांपूर्वी मी अगदी याच चेहऱ्यामोहऱ्याचा, पितळी टोके आणि काळसर लाकूड असलेला एक नकली चाकू चारशे रुपयांना घेतला होता. कोणाकडून घेतला, ते सांगून आता उपयोग नाही. मशीनच्या खोक्यावरची प्लास्टिकची पट्टी कापताना पाते अडकले, मी ते सोडवायला उलट्या बाजूने ओढले आणि खटका बसलेला असूनही पाते माझ्या तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. नंतर भिंगाखाली पाहिले तर दाताच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होत्या. तेव्हापासून कोणताही लॉकबॅक घेताना मी तो उघडून सांधा उजेडाकडे धरतो आणि फट दिसते का पाहतो. मग पात्याची पाठ लाकडी टेबलावर टेकवून, बोटे मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, हळूहळू वजन देतो. चांगला खटका या दाबाने उलट घट्ट बसतो आणि वाईट खटका तिथेच कबुली देतो.

खटका चांगला असला तरी त्याची एक नाजूक जागा उरतेच आणि ती म्हणजे खाच. मिटलेल्या चाकूत ही खाच खिशातले धाग्यांचे पुंजके, भुसकट आणि धूळ गोळा करत राहते. तळाशी गाळ बसला की दात पूर्ण उतरत नाही, पण 'टक्' आवाज मात्र येतो आणि वापरणारा फसतो. माझे एक स्नेही चाकू आणि तंबाखूची पुडी एकाच खिशात ठेवतात. त्यांच्या चाकूच्या खाचेतून मी दात कोरायच्या काडीने जे काढले, त्यात एक विडा सहज झाला असता. महिन्यातून एकदा काडीने खाच साफ करावी, फुंकर मारावी आणि पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. चाकूने फळे कापत असाल तर खोबरेल तेल बरे, मात्र ते थंडीत गोठते हे लक्षात ठेवावे.

कंपनीची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात एका लोहाराच्या भट्टीत झाली. कॅन्सस राज्यात लोहारकामाची उमेदवारी करणाऱ्या होइट बक यांनी १९०२मध्ये झिजलेल्या कानशींपासून चाकू बनवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनीही मोडक्या कानशींचेच पटाशी-चाकू केले, त्यामुळे हे वाचून मला परके वाटले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ते आणि त्यांचे चिरंजीव अल यांनी सॅन डिएगोत बस्तान बसवले. शिकाऱ्याला कमरेच्या लांब चाकूइतका भरवशाचा, पण मिटून लहान होणारा चाकू हवा असतो, हे ओळखून १९६४मध्ये ११० बाजारात आला. मिटणाऱ्या चाकूला कुलूप असणे ही त्यांनी लावलेली युक्ती नव्हे, ती त्यांच्या पुष्कळ आधीची आहे. पण या एका चाकूने ती इतकी रुळवली की पुढे त्याच्या असंख्य नकला निघाल्या. २००५पासून कंपनीचा कारखाना आयडाहो राज्यातल्या पोस्ट फॉल्स गावात आहे. चाकूचे पूर्ण नावच 'फोल्डिंग हंटर' असले तरी आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि संस्थानच्या शिकारीचे दाजीपूरचे रान आता गव्यांचे अभयारण्य आहे. तेव्हा कोल्हापुरात या चाकूने शिकार व्हायची ती पेरूंची आणि कुरिअरच्या खोक्यांची.

पाते पावणेचार इंचांचे, म्हणजे माझ्या व्हर्नियरवर ९५ मिमीचे आहे. टोकाकडे पाठ किंचित आत कापलेली असल्यामुळे टोक चांगलेच अणकुचीदार आहे. पाठीकडे सुमारे तीन मिमी जाड असलेले हे पाते दोन्ही अंगांनी आत खोलगट घासत धारेपर्यंत पातळ करत आणलेले आहे, आणि त्याचे गुणदोष दोन्ही त्यातच आहेत. सुतळी, दोरी, खोक्याचा पुठ्ठा, चामडे, पेन्सिल, आंब्याची साल, पन्हाळ्यावर बसून खायच्या काकड्या या सर्वांत ते लोण्यासारखे चालते. पण कांदा किंवा बटाटा आरपार कापायला गेलात तर पातळ धार शिरते, जाड पाठ मागून येते आणि काप कापला जाण्याऐवजी तडकतो. आमच्या घरात विळीचे राज्य आहे आणि पहिल्याच कांद्यानंतर सौभाग्यवतींनी हा चाकू स्वयंपाकघरातून हद्दपार केला, तो निर्णय योग्यच होता. उसाच्या कांडीवरही मी तो चालवून पाहिला. वरचे कवच तासायला तो उत्तम आहे, कांडी तोडायला नाही. त्यासाठी कोयता आहे आणि मिटणाऱ्या चाकूच्या पिनेवर घाव घालणे हा चाकूवर अन्याय आहे.

पोलाद ४२०एचसी जातीचे आहे. सुरुवातीच्या काळात ४४०सी वापरत, १९८०च्या दशकाच्या आरंभी ते सोडून ४२५एमकडे वळले आणि मग आजच्या ४२०एचसीवर स्थिरावले. संग्राहक मंडळी जुन्या ४४०सीसाठी उसासे टाकतात आणि नव्या पोलादाला साधे म्हणून नाक मुरडतात. हे मला पटत नाही. पोलादाचा क्रमांक म्हणजे धान्याची जात झाली. भाकरी कशी होते ते चुलीवर ठरते. त्याला पाणी कसे दिले आहे हे महत्त्वाचे, आणि बकच्या पाण्याची पद्धत पॉल बॉस या जाणकाराने बसवून दिलेली आहे. तिच्यात पोलाद तापवून विझवल्यानंतर शून्याच्या बरेच खाली गारठवतात आणि मग पुन्हा मंद आचेवर घेतात. त्यातून रॉकवेल मापावर ५८च्या आसपास कठीणपणा येतो. याहून महाग पोलादे धार जास्त दिवस धरतात हे खरे आहे. मात्र ती बोथट झाली की आपल्या साध्या दगडावर परत येता येत नाहीत. हे पाते येते.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो. खांद्यावर चाक घेऊन आमच्या गल्लीत येणाऱ्या वयस्क शिकलगारांकडे मी पहिल्या वर्षी हा चाकू धारेला दिला. विळ्या आणि कात्र्या ठिणग्या उडवत भराभर उरकणाऱ्या त्या माणसाने चाकू उघडला, खटक्याचा आवाज कान लावून ऐकला, धार अंगठ्यावर आडवी घासून पाहिली आणि तो मिटून मला परत दिला. "ह्याला चाकावर धरू नगा. चाक तापलं की धारंचं पाणी उतरतं. दगडावर घ्या, सावकाश." त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असलेला साधा दगड पाण्यात भिजवून वापरतो. पाते दगडाशी वीसेक अंशांत धरून, दोन्ही अंगांना समान फेऱ्या देत, दगडाचा पातळ काप काढल्यासारखे ओढावे; शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलटे फिरवावे. बारीक दगडावर दहा मिनिटांत हाताचे केस उतरतात. दगड जपून वापरला तर हे काम दोन महिन्यांतून एकदा पुरते.

पहिल्या पावसाळ्यात मात्र माझ्याकडून चूक झाली. चाकूबरोबर कमरपट्ट्याला अडकवायचे काळे चामडी म्यान मिळते, आणि मी आषाढात तो चाकू त्या म्यानात घालून कपाटात ठेवला, तो थेट गणपतीला बाहेर काढला. पात्याला काही झाले नव्हते; पण दोन्ही पितळी टोकांवर हिरवा थर चढला होता, पितळेच्या भांड्यात ताक कळकावे तसे ते कळकले होते. कमावलेल्या चामड्यात आम्ल राहते, ते दमट हवेत पितळेला लागते. दोष माझ्या ठेवण्याचा होता. चिंच-मिठाने पितळ उजळले, आणि तेव्हापासून चाकू वापरापुरताच म्यानात जातो, एरवी सुती फडक्यात गुंडाळून राहतो. मुठीचे शिसवीसारखे काळे लाकूड एबनीचे आहे. ते दाट असल्याने आमच्या हवेत फुगले नाही.

म्यान चांगले आहे, पण ते कमरेला लावून महाद्वार रोडवरून चालायला मला संकोच वाटतो. लोक आधी म्यानाकडे आणि मग तोंडाकडे पाहतात. म्हणून पापाच्या तिकटीजवळ चपला करणाऱ्या एका कारागिराकडून मी खिशात बसेल असे साधे खोळीवजा पाकीट करून घेतले. बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेले तेच चपलेचे चामडे त्यांनी वापरले. ते ओले करून चाकूभोवती दाबले, रात्रभर तसेच ठेवले आणि कडा चपलेसारख्या चामडी वादीने शिवल्या. पहिले काही दिवस पाकीट चपलेइतकेच करकरले, मग हाताळून मऊ पडले. खर्च तीनशे रुपये. चाकू त्यात उभा राहतो आणि त्याचे वजन खिशाच्या तळाशी लोंबत नाही.

तरीही सराफांचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे माझे उत्तर असे की रोज बाळगण्याचा चाकू ११० नव्हे. त्याच घडणीचा धाकटा भाऊ ११२ आहे: पाते तीन इंचांचे, वजन सुमारे १६० ग्रॅम, खटका तोच, पितळ तेच. वर्षभर दोन्ही आळीपाळीने बाळगल्यावर ध्यानात आले की, तीन इंचांच्या पात्याने माझे कोणतेही शहरी काम अडले नाही. धाकट्याचे वजन खिशाला सोसवते आणि तो उघडल्यावर समोरचा माणूस दचकत नाही. मोठ्याचा तोल मात्र धाकट्याला नाही. ११०ची मूठ चारही बोटांना पुरते आणि वजन तर्जनीपाशी येते, म्हणून घट्ट चामडे कापायचे असेल तर मी अजूनही मोठाच काढतो.

त्याहून हलके हवे असेल तर फ्रान्सचा आठ क्रमांकाचा ओपिनेल आहे. पन्नास ग्रॅमच्या आतला, बीचच्या मुठीचा. तो लॉकबॅक नाही. १९५५पासून त्याला गळ्यापाशी फिरवायचे कडे आहे आणि ते फिरवायला विसरलात तर कुलूप नाही. स्विस चाकूंच्या बहुतेक लहान प्रकारांत तर नुसती स्प्रिंग असते. माझ्यासारख्या विसराळू माणसाला न सांगता बसणारा खटकाच बरा.

बाळगण्याच्या कायद्याबद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून लिहितो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६चे नियम यांत, घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक वापराची हत्यारे वगळता, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले आहेत. हे दोन्ही चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत आहेत. परंतु तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७(१)खाली आपल्या जिल्ह्यात सण, यात्रा, निवडणुका यांच्या तोंडावर मनाई आदेश निघतात आणि त्या काळात शारीरिक इजा करता येईल अशी वस्तू जवळ बाळगणेच निषिद्ध असते. म्हणून विसर्जन मिरवणूक, नवरात्रातली अंबाबाईची गर्दी, जोतिबाची चैत्र यात्रा, कोर्ट आणि कलेक्टर कचेरी येथे माझा चाकू येत नाही. विमानाने जायचे असेल तर तो हातातल्या पिशवीत ठेवू नये. एकदा चित्रपटगृहाच्या दारात सुरक्षारक्षकाने तो काढून घेतला आणि टोकन दिले. मध्यंतरात जाऊन पाहिले तर तो आणि त्याचा सोबती त्या चाकूने पेरू कापून खात होते. पेरूला तिखटमीठही लावलेले होते. मी एक फोड घेतली आणि परत जाऊन बसलो.

जमवणाऱ्यांसाठी एकच सूचना: १९८६पासून बक कंपनी पात्याच्या बुंध्यावर, मुठीला लागून, वर्षाची खूण छापते; ही खूण नसेल तर चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता असते आणि मग बुंध्यावरच्या अक्षरांची मांडणी तपासून काळ ठरवता येतो. जुना चाकू घेताना पात्याची रुंदी नव्याशी ताडून पाहावी, कारण चाकावर धरून खाल्लेले पाते दिसायला चकचकीत आणि निम्मे गेलेले असते. चकचकीत केलेल्या पितळापेक्षा काळवंडलेले पितळ मला जास्त विश्वासाचे वाटते.

११२ आता रोज खिशात आहे. ११० दुकानातल्या टेबलाच्या खणात, व्हर्नियरच्या शेजारी, फडक्यात गुंडाळून असतो. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला तो मिटायला सांगतो, आणि पट्टी दाबताना त्याची बोटे पात्याच्या वाटेत आहेत का, ते पाहतो.